एका नंबरावरची चार पोरं

डोळे मिटून घ्या जरा, आणि एक खोली मनात उभी करा. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं म्हणजे कौलांचं छप्पर, आणि आत कापूस. थोडाथोडका नाही. दारातून पाऊल टाकलं की गुडघ्याएवढा, पुढे कमरेएवढा, आणि मागच्या भिंतीपाशी पार छपराला भिडलेला. भिंत दिसत नाही, कोनाडा दिसत नाही. आता त्या ढिगाच्या माथ्यावर बघा. कवेलूंना डोकं लागू नये म्हणून मान वाकवून एक मुलगी बसली आहे. चौथीतली आहे, नाव वैष्णवी. डाव्या हातात बटणांचा मोबाईल, आणि उजवा हात पाठ खाजवण्यात गुंतलेला. दाराला बाहेरून कुलूप आहे. आणि ही मुलगी या घडीला शाळेत बसली आहे.

डोळे उघडलेत तरी चालेल. पण खोली विसरू नका.

घाटंजी तालुक्यात पिंपळधरा नावाचं एवढंसं गाव होतं. साथीच्या आजाराने शाळांना टाळं लागलं, ते हे वर्ष. त्याआधी दोन-तीन सालं गुलाबी अळीने बोंडं पोखरून कापसाचा जीव काढला होता. त्या साली बरा पिकला, तर विकायला वाट नाही. बाजार बंद, खरेदी बंद. पुढे खरेदी सुरू झाली तीही मुंगीच्या पावलांनी. शेतकऱ्याने नाव नोंदवायचं, आपला फोन नंबर द्यायचा, आणि बोलावणं येईपर्यंत घरी थांबायचं. फोन आला की गाडी घेऊन निघायचं. फोन वाजला आणि कोणी उचलला नाही, तर पाळी पुढच्याला जायची. अशी पाळी गेलेली दोन घरं गावात होती, आणि त्यांचा कापूस अजून माणसांच्या उरावर बसलेला होता.

वैष्णवीच्या घरीही तेच. आषाढ लागला, नव्या कापसाचं निंदण सुरू झालं, तरी जुना कापूस घरातच. माणसं ओट्यावर झोपायची, चूल परसात मांडलेली. साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात, डोळ्यांना दिसत नाहीत, पण अंगावर पुरळ उठवतात. वैष्णवीची आई रोज तिला कडुलिंबाचा पाला घातलेल्या पाण्याने अंघोळ घाली, खोबरेल तेल चोपडी, आणि पुन्हा त्याच कापसावर चढवी. चढण्याआधी पाय धुवायचे, कापसाला हात लावून तो कपाळाला लावायचा. लक्ष्मीवर पाय देतो आहोत, एवढी तरी जाण ठेवायची.

चढायचं कशाला, असं तुम्ही विचाराल. तर त्या घरात फोनला रेंज एकाच जागी यायची. ढिगाच्या माथ्याजवळ, भिंतीत उंचावर एक गजांची खिडकी होती, तिच्याशी फोन धरला की आवाज यायचा. आईबाबा दिवसभर शेतात. कापूस चोरीला जाऊ नये म्हणून दाराला कुलूप, आणि पाळीचा फोन चुकू नये म्हणून आत वैष्णवी. असं दुहेरी काम होतं ते. तिला कोंडून ठेवायचं असं काही आईबाबांच्या मनात नव्हतं. पण कुलूप लागल्यावर आतल्या माणसाला मनातलं काय दिसणार?

आता शाळेचं. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, एक वर्ग आणि एकच बाई. सत्यशीला मॅडम त्यांचं नाव. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी आपली पोरं केव्हाच तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातली होती. पिवळी व्हॅन यायची आणि पोरं घेऊन जायची. उरली ती बारा. गावठाणातली काही, बंजाऱ्यांच्या तांड्यावरची काही, टेकडीच्या उतारावर कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे पाडा, आहे तिथली, आणि नाल्याकाठच्या बौद्ध वस्तीतली. सरकारी तक्त्यात या सगळ्यांचे रकाने वेगवेगळे असतात. मॅडम ते रकाने काळजीने भरायच्या, कारण एखाद्या रकान्यात एकच पोर होतं. ते गेलं की तिथे शून्य.

शाळा बंद झाल्यावर मॅडम फोनवरून शिकवू लागल्या. सगळ्यांकडे कुठला आलाय मोठा फोन. साधा फोन लावायचा, धडा वाचून दाखवायचा, प्रश्न विचारायचे. त्यासाठी त्यांनी घरोघर जाऊन नंबर लिहून घेतले. तांड्यावर सोनूचे वडील पूनमसिंग म्हणाले, आमच्याकडे रेंज कुठे आहे, वैष्णवीच्या घरचा लिहा. वस्तीत आयुषचे आजोबा भगवानराव तेच म्हणाले. पोडावर शीलाची आजी तानाबाई हिच्याकडे तर फोनच नव्हता, तिनेही त्याच घराकडे बोट दाखवलं. कोणाला यात चूक वाटली नाही. पत्ता विचारला की सगळं गाव जसं 'पाराजवळ' म्हणून सांगतं, तसाच हा नंबर. मॅडमनेही तोच चौघांच्या नावांपुढे लिहिला.

आणि पहिले काही दिवस छान गेले. तिघं पोरं यायची, घराच्या मागच्या बोळात खिडकीखाली पोतं अंथरून बसायची. वैष्णवी वरून गजांतून फोन बाहेर धरायची. मॅडमचा आवाज पोरांवर पाझरायचा. आयुष प्रत्येक उत्तराआधी 'मॅडम, मॅडम' असं दोनदा म्हणायचा. सोनू शब्द ओढून बोलायची, गाणं म्हटल्यासारखी. शीला मात्र विचारल्यावर थोडी थांबायची आणि मग हळू, नेमकं बोलायची. संध्याकाळी वैष्णवी आईला तिघांची नक्कल करून दाखवी. आई हसून म्हणे, पोट्टी नाटकात जाते का काय.

मग गावात मुंबईहून कोणी एक जण आला आणि तापाने पडला. ग्रामपंचायतीने वाटा बंद केल्या. तांड्याची वाट, पोडाची वाट, वस्तीची वाट, सगळ्यांच्या तोंडाशी बोराटीच्या काट्या रचल्या. इकडचं माणूस तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही. खिडकीखालचं पोतं रिकामं झालं. वैष्णवीच्या वाट्याला उरला कापूस, खाज, आणि एकटीने ऐकायचे धडे. खिडकीतून समोर दिसायची ती फक्त शेजारच्या तुळसाबाईंच्या घराची भिंत, आणि त्या भिंतीवरचा ओलाव्याचा डाग. तो डाग तिला इतका पाठ झाला होता की डोळे मिटूनही काढता आला असता.

एक दिवस मॅडमचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. उद्या केंद्रप्रमुख साहेब स्वतः पटाची पडताळणी करणार आहेत, त्या म्हणाल्या. प्रत्येक नंबरावर फोन लावून प्रत्येक पोराशी बोलणार. एका नंबरावर चार पोरं आणि चौघांची आडनावं वेगळी, हे साहेबांना खोटं वाटतंय. पट फुगवायला नावं घातलीत, असं त्यांचं म्हणणं. ज्याचा आवाज ऐकू येणार नाही त्याचं नाव कमी. आणि पट दहाच्या खाली गेला, तर ही शाळा नाल्यापलीकडच्या मोठ्या गावच्या शाळेला जोडायचं घाटत होतं.

वैष्णवीला वजाबाकी येत होती. बारातून तीन गेले की नऊ. आणि नाल्यापलीकडे तिला कोणी पाठवणार नव्हतं, हेही तिला माहीत होतं. मोठी मावसबहीण चौथी झाल्यावर घरी बसली ती याच नाल्यापायी. शाळा गेली की तिची खोली ही. कापूस विकला गेला तरी हीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईबाबा शेतात निघाले तेव्हा तिने बाबांना सगळं सांगितलं. अतुल, तिचे बाबा, दाराला कुलूप घालता घालता ऐकत होते. ते हसले.

"मंग त्यात काय एवढं? तुले येतेच ना त्यायची नक्कल. बोल चौघायच्या वतीनं. साहेबाले काय फोनातून दिसून राह्यलं?"

"पण बाबा, ते खोटं होईल ना?"

"खोटं कायचं? पोट्टे तं खरेच हायेत ना. आवाजच तेवढा तुहा." किल्ली त्यांनी आईकडे दिली. "अन् फोन गुंतवून नको ठेवू जास्त. आपली पाळी येईल आता कधीबी."

पावलं दूर गेली. वैष्णवीने पाय धुतलेले होतेच. ती चढली, आणि खिडकीशी जाऊन बसली.

साहेबांचा फोन आला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आवाज थकलेला, पण तुसडा नव्हता. नाव विचारलं, वर्ग विचारला, तेराचा पाढा म्हणायला लावला. वैष्णवीने तो म्हटला.

"छान. आता आयुषला दे."

तिने फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला नेला, जणू खरंच कोणाला देते आहे. मग म्हणाली, "मॅडम, मॅडम... नाई, सर. मी आयुष." साहेब हसले. आयुषला त्यांनी पावसाचे महिने विचारले. आयुषने भराभर सांगितले. मग सोनू आली, शब्द ओढत ओढत तिने कविता म्हटली. जमत होतं. वैष्णवीला वाटलं, बाबांचं खरंच होतं, किती सोपं आहे हे.

"आता शीलाला दे बरं."

वैष्णवी थोडी थांबली, कारण शीला थांबायची. मग हळू आवाजात म्हणाली, "मी शीला."

"शीला, पोडावरची का तू?" साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला. "मी नोकरीला लागलो तेव्हा दोन वर्षं पोडावरच्या शाळेत होतो. तुमची भाषा विसरत चाललोय बघ. आईला काय म्हणता तुम्ही घरी? सांग, आठवण तरी ताजी होईल."

वैष्णवीने तोंड उघडलं. तो शब्द तिला माहीतच नव्हता.

पहिलीपासून ती शीलाच्या शेजारी बसत होती. शीलाची पाटी तिने वापरली होती, तिच्या डब्यातली भाकर खाल्ली होती. शीला मराठीत बोलायची, थोडी थांबून बोलायची, आणि त्या थांबण्याची नक्कल वैष्णवीने कितीदा तरी केली होती. ती का थांबते, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. घरच्या बोलीतून शाळेच्या बोलीत यायला तिला तेवढा वेळ लागत असेल, हे तिला आत्ता, या क्षणी कळलं.

"शीला? ऐकू येतंय ना?"

फोन ठेवून द्यावा, रेंज गेली म्हणावं, असंही तिच्या मनात आलं. तिने फोन खाली घेतला. पुन्हा कानाला लावला.

"सर, मी शीला नाई. मी वैष्णवीच बोलून राह्यली."

साहेबांनी विचारलं, "आयुषही तूच होतीस?"

"हो."

"सोनू?"

"हो सर. पण ते हायेत. खरंच हायेत सर. वाटेवर काट्या टाकल्या, म्हून येता नाई येत त्यायले."

"बाळा," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज पुन्हा थकला, "तिघांच्या वतीनं तूच बोललीस. आता ते आहेत, हे मी कोणाच्या शब्दावर मानू?"

साहेब म्हणाले, संध्याकाळी त्यांना आकडा वर पाठवायचा आहे. जेवण झाल्यावर ते आणखी एकदा याच नंबरावर फोन करतील. तिघं आपापल्या तोंडाने बोलले तर नावं राहतील. नाही बोलले तर त्यांचा इलाज नाही.

फोन बंद झाला. खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटली. वैष्णवीने मॅडमना फोन लावून पाहिला, पण फोनमध्ये पैसे नव्हते. घरचा फोन येणाऱ्या फोनापुरताच जिवंत ठेवलेला असायचा. ती घसरत खाली आली, दार हलवलं. कुलूप वाजलं, उघडलं नाही. पुन्हा वर चढली आणि गजांना तोंड लावून हाका मारू लागली. समोरच्या भिंतीवर आपटून तिच्याच हाका परत आल्या. बऱ्याच वेळाने तुळसाबाई काठी टेकत बोळात आल्या.

"काय वं पोरी, काहून बोंबलून राह्यली? आग लागली काय?"

वैष्णवीने सांगितलं. आजी, तेवढं आयुषला, सोनूला, शीलाला बोलावून आणाल काय.

"घ्या. गुडघे माहे चुलीपर्यंत नेत नाईत, अन् म्या काट्या ओलांडू? तुह्या शाळेपायी पंचायतीचा दंड कोण भरन, तुहा साहेब?" मग आवाज जरा खाली आणून त्या म्हणाल्या, "तुही माय येईन दिवस मावळता. तवा पाय." आणि त्या गेल्या.

दिवस मावळता म्हणजे सगळं होऊन गेल्यावर.

तेवढ्यात फोन वाजला. तिने झडप घातली. साहेब नव्हते, खरेदी केंद्राचा माणूस होता. अतुलभाऊंचं घर का? परवा गाडी आणा, तो म्हणाला. कापूस कोरडा पाहिजे, ओल दिसली तर गाडी परत जाईल आणि मग पुन्हा पाळी नाही. वैष्णवीने दोनदा म्हणून दाखवलं. परवा, गाडी, कोरडा. ज्या फोनसाठी ती इतके दिवस इथे बसली होती, तो आला होता. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने ढिगाकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

डोक्यावर, वीतभर अंतरावर, कवेलू होते. त्यांच्या फटींतून प्रकाशाच्या बारीक रेघा आत येत होत्या. त्या रेघा मघा पिवळ्या होत्या, आता राखाडी झाल्या होत्या. ढग भरून येत होते.

ती बसून राहिली. छपराला हात लावायचा नाही, हे आईने बजावलं होतं, आणि का तेही सांगितलं होतं. एक कवेलू सरकला की पाण्याची धार कापसावर. परवा गाडी जायची होती. वर्षभराचं घरातलं सगळं या ढिगात होतं, हे तिला कोणी वेगळं सांगायला नको होतं. आणि दुसरीकडे तीन पोरं होती. तिने त्यांचे आवाज उसने घेतले नसते, तर साहेबांनी निदान तिच्या शब्दावर विश्वास ठेवला असता. आता तिचा शब्दच उरला नव्हता. खाज सुटली होती, पण ती खाजवायचं विसरली.

काट्या माणसांच्या पायांना अडवतात. मग तिला वाटलं, आवाजाला कुठे अडवतात त्या? तिन्ही वाटांच्या काट्या या घराच्या मागून फार लांब नव्हत्या. खिडकी बोळात होती म्हणून हाक भिंतीला आपटत होती. छप्पर मात्र सगळ्यांच्या वर होतं. पोरं काट्यांपलीकडे येऊन उभी राहिली आणि मोठ्याने बोलली, तर छपरावर ऐकू येईल. छपरावर ऐकू आलं तर फोनातही जाईल.

तिने मोबाईल फ्रॉकच्या खिशात खोल घातला. गुडघ्यांवर ओणवी झाली. पहिला कवेलू दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला सरकवला. मग दुसरा, मग त्याच्या शेजारचे. खालच्या बांबूच्या कामट्यांपैकी एक वाळवीने पोखरलेली होती. ती तिने दाबली, मोडली, आणि मोडके तुकडे कापसात पडू नयेत म्हणून ओंजळीत धरून बाहेर टाकले. आधी डोकं बाहेर काढलं, मग खांदे. कोपर खरचटलं. इतक्या दिवसांनी चारी बाजूंनी आलेला वारा तोंडावर लागला आणि तिचे डोळे आपोआप मिटले.

पण थांबायला वेळ नव्हता. टेकडीमागून ढग पुढे सरकत होता. छपराच्या उतारावर पोटावर पडून तिने काढलेले कवेलू एकेक करून मागे बसवले. खालचा आधी, वरचा त्याच्यावर, कडेला कड दाबून. मोडक्या कामटीच्या जागी एक कवेलू डगमगत होता, तो तिने नीट तिरपा करून पक्का केला. वरून तळहात फिरवून पाहिला. फट नव्हती.

मग ती सरपटत आढ्यावर गेली आणि पाय दोन्हीकडे टाकून बसली. एका बाजूला तांड्याची घरं, दुसरीकडे नाल्याकाठची वस्ती, आणि वर उतारावर पोडाच्या झोपड्या. तिघांच्या वाटांवर काट्यांचे काळे ढीग. पोडाच्या अंगणात कोणीतरी छोटंसं माणूस वाकून काहीतरी निवडत होतं, पण एवढ्या लांबून ओळख पटत नव्हती.

खिशात फोन थरथरला आणि वाजू लागला.

वैष्णवीने तो काढला, बटण दाबलं, आणि कानाला न लावता हात लांब करून वर, वाऱ्यात धरला. दुसरा तळवा तोंडाशी नेला, पोडाकडे तोंड केलं, आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घालून शीलाला हाक मारली.